अर्धा आटा ढिला

कानिफनाथ सुताराला पोहता येत नव्हतं आणि तो होडीचा मिस्त्री होता. भंडारदऱ्याच्या तलावाच्या काठावर ही गोष्ट माहीत नसलेला माणूस नव्हता, आणि ती सांगताना न हसलेलाही नव्हता. खुद्द कानिफनाथ हसायचा. म्हणायचा, "सोनार दुसऱ्याचं कान टोचतो. सवताचं टोचलेत का, ते कोन इचारतं?"

तो मूळचा पाथर्डीकडचा. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेच्या दिवसांत जन्मला म्हणून नावही तेच. त्या मुलखात पाणी पाहायचं तर विहिरीत वाकून पाहायचं, तेही दिसलं तर. बाप बैलगाड्या करायचा, आजाही गाड्याच करायचा. कानिफनाथ दहा वर्षांचा असल्यापासून चाकाला धाव बसवत होता. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करायची, सांडशीनं उचलून चाकावर घालायची आणि घणाचे घाव पडता पडता वरून पाणी ओतायचं. धाव आवळते, आरे कुरकुरतात, चाक दगडासारखं होतं. उन्हाळ्यात चाक वाळून धाव खुळखुळायला लागली की शेतकरी ते ओढ्याच्या डबक्यात बुडवून ठेवायचे. लाकूड पाणी प्यालं की पुन्हा घट्ट. ही विद्या त्याच्या हाडात मुरलेली होती, आणि पुढं याच विद्येनं त्याला तोंडावर पाडलं.

पाथर्डीकडं गाड्या घडवून घेणारे कमी झाले तेव्हा तो अकोल्याच्या डोंगराकडं आला. तिथल्याच एका सुताराची लेक रतनबाई त्याला दिली. तिचं माहेर उंबरवाडी, तलावाच्या पलीकडच्या काठावर. हा राहिला अलीकडं. मध्ये पाणी. आडव्या पाण्यानं अर्धा तास, काठाकाठानं पायी गेलं तर चौदा मैल. कानिफनाथ लग्नानंतर प्रत्येक सणाला सासुरवाडीला गेला आणि प्रत्येक वेळी चौदा मैल चालत गेला. रतनबाई होडीनं पुढं जाऊन स्वयंपाक करायची, हा संध्याकाळी पाय ओढत पोचायचा. उंबरवाडीची पोरं त्याला वळसेदार जावई म्हणायची.

उंबरवाडीला जा-ये करायला सरकारी खात्याची एक लाकडी होडी होती. इंजिनाची, वीस माणसं बसतील एवढी. छगन नावाचा गडी ती चालवायचा. उन्हाळ्यात ती काठावर ओढून दुरुस्त करायला सुतार हवा होता, आणि सासरा वारल्यापासून जवळपास सुतार होता तो हाच. काम ऐकायला सोपं. होडीच्या वरच्या फळ्यांवर जेवढं लोखंड बसवलेलं असतं तेवढं सगळं काढायचं: दोर बांधायचे खुंटे, दोर सरकायची कडी, नांगर ओढायचा छोटा रहाट, झाकणाच्या बिजागऱ्या. घासलेटमध्ये भिजवून गंज उतरवायचा, आटे साफ करायचे, भोकांत कुजलेलं लाकूड पटाशीनं कोरून काढायचं, तिथं सागाची खुंटी ठोकून नवं भोक पाडायचं. मग सफेदा आणि जवसाच्या तेलाचा लपका भरून, काथ्या गुंडाळून, एकेक बोल्ट परत बसवायचा. भोकातून पाण्याचा थेंब आत गेला की आतली फळी कुजते, आणि वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

या कामात कानिफनाथची एक रीत होती. काढलेला प्रत्येक नग तो सुतळीत ओवायचा, होडीवर ज्या क्रमानं असेल त्याच क्रमानं. उजवीकडच्यांची एक माळ, डावीकडच्यांची दुसरी. प्रत्येक बोल्टाला त्याच्या भोकाचा जो क्रमांक तेवढ्या गाठी. दोन्ही माळा हिरड्याच्या झाडाला टांगायच्या. जो बोल्ट ज्या भोकातून निघाला, त्याच भोकात परत. छगन चेष्टा करायचा की होडीचे दागिने काढून ठेवलेत, आता कोणी चोरले तर पोलिसात काय वर्दी द्यायची. कानिफनाथ म्हणायचा, गाडीच्या चाकात एका भोकाचा आरा दुसऱ्यात घालून बघ, मग सांगतो.

पण पहिल्या वर्षी, म्हणजे सत्तर साली, त्यानं घोळ घातला तो घातलाच.

त्या वर्षी सगळं लोखंड साफ करून त्यानं कोरड्या फळ्यांवर परत बसवलं आणि पान्याला पाइप लावून नट असे आवळले की वायसर लाकडात रुतले. गाडीवाल्याचा हिशेब होता तो. आता घट्ट आहे, पाणी प्यालं की आणखी घट्ट होईल, मग काय डोंगर हलेल पण खुंटा हलणार नाही. चाकाला धाव बाहेरून मिठी मारते, त्यामुळं लाकूड फुगलं तर बरंच. बोल्ट मात्र लाकडाच्या पोटातून जातो आणि वरून-खालून चिमटा घेतो. चाकाला जो गुण तोच फळीला अवगुण, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कोणाला विचारलं नव्हतं. श्रावणात फळी फुगली. तिला जागा नव्हती. पुढच्या खुंट्याच्या चारही बोल्टांच्या रांगेनं ती आतल्या आत चिरली.

आणि खुंट्यानं दगा दिला त्या दिवशी होडीत नेमकी गोजरबाई होती. रतनबाईची आई, कानिफनाथची सासू. लेकीकडं नागपंचमीला निघालेली. अलीकडच्या काठाला छगननं दोर टाकला, वाऱ्यानं होडीला हिसका बसला आणि खुंटा फळीचा तुकडा घेऊन उपटून आला. उतरायला एक पाय बाहेर टाकलेली गोजरबाई होडी आणि धक्क्याच्या मध्ये पाण्यात गेली. छगननं तिला लगेच वर काढलं. गुडघा मात्र कायमचा गेला.

गोजरबाईनं जावयाला एका शब्दानं दोष दिला नाही. तो पाया पडायला वाकला तर म्हणाली, व्हायचं ते झालं. पण आठ दिवस लेकीच्या हातचं जेवली, मग ओढे उतरल्यावर डोलीतून काठाकाठानं घरी गेली आणि जाताना एवढंच बोलली, "ज्या हुडीत माझा जावई बसत न्हाई, त्या हुडीत मी बी बसायची न्हाई."

तेव्हापासून तीन वर्षं गोजरबाई लेकीच्या घरी आली नाही. गुडघ्यानं चौदा मैल चालणं शक्य नव्हतं, डोलीला दर वेळी माणसं मिळत नव्हती आणि होडीत ती पाय ठेवत नव्हती. दुधानं तोंड पोळलेली बाई, ताक फुंकून पिणारच. रतनबाई जाऊन भेटून यायची. आईला घरी आणून दोन दिवस सुखानं बसवावं, ही तिची एवढीशी हौस. ती नवऱ्याला बोलून दाखवायची नाही, आणि न बोललेलं त्याला जास्त टोचायचं.

चिरलेली ती फळी कानिफनाथनं जाळली नाही. घासून, दोन पाचरी मारून तिचा पाट केला आणि रोज त्यावर बसून जेवायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, चुकीवर बसलं म्हणजे ती पुन्हा डोक्यावर बसत नाही. पुढच्या वर्षापासून तो नट कसायचा तो अर्धा आटा ढिला ठेवून. मग फळ्यांवर ओली पोती टाकायची, होडी काठाशी पाण्यात ठेवायची, तीन दिवस लाकडाला पोटभर पिऊ द्यायचं. ते फुगून स्वतःच बोल्टाला भिडतं. शेवटचा अर्धा आटा त्यानंतर, हातानं, पाइप न लावता. एकाहत्तरला एकही बोल्ट हलला नाही. बहात्तरलाही नाही. कानिफनाथला आपल्या हाताची खातरी पटली होती आणि ती तो लपवतही नसे. पाण्याची भीती ही वेगळी गोष्ट, असं त्याचं म्हणणं. तिचा आणि कामाचा काय संबंध?

मग दुष्काळाचं ते साल आलं. तलाव आटत आटत पार आत गेला, होडी चिखलात रुतून बसली आणि सहा महिने उन्हात वाळली. फळ्यांमधून बोट जाईल अशा फटी पडल्या. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात वरून हुकूम आला की पावसाआधी मोठे साहेब येऊन पाहतील. त्यांनी सही केली तरच होडी पाण्यात, नाहीतर दिवाळीपर्यंत काठावर. याचा अर्थ उंबरवाडीला पावसाळ्याचे चार महिने ना दुकान, ना दवाखाना. काठाची वाट पावसात ओढ्यांनी वरचेवर तुटते.

कानिफनाथ कामाला लागला. त्या वर्षी नवा ओव्हरसियर आला होता, श्रीमंत नावाचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, स्वभावानं चांगला, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. त्याच्या वहीत लिहिलं होतं की सर्व नट पूर्ण कसलेले असावेत. कानिफनाथचं अर्ध्या आट्याचं शास्त्र त्याला मान्य नव्हतं. कानिफनाथनं त्याला पाट दाखवला, कथा सांगितली. श्रीमंतनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेबांसमोर खुंटा हलला तर मी काय सांगू, मिस्त्रीचा पाट बघा?

कानिफनाथनं हिशेब बांधला होता की साहेब रविवारी येणार, म्हणजे बुधवारी लोखंड बसवून तीन दिवस पाणी पाजायचं. साहेब आले बुधवारीच, दुपारी, जीपमधून. शेवटचा बोल्ट बसवून अर्धा तास झाला होता. पोती नुकतीच भिजवली होती, फळ्या अजून पापडासारख्या कोरड्या.

साहेबांनी पोती बाजूला करायला लावली, पुढच्या खुंट्याला हात घातला आणि हलवला. खुंटा डुगडुगला. श्रीमंतचा चेहरा उतरला. छगन तलावाकडं बघायला लागला. उंबरवाडीची पाच-सहा माणसं पलीकडून चालत आली होती.

साहेबांनी विचारलं, हे काम कोणाचं. कानिफनाथ पुढं झाला, हात जोडले नाहीत, हातात पाना होता. त्यानं सगळं सांगितलं: लाकूड कोरडं आहे, पाणी प्यायल्यावर फुगेल, आता कसलं तर श्रावणात चिरेल. साहेब नाकानं कांदे सोलणाऱ्यांतले नव्हते, पण त्यांना रोज असे दहा मिस्त्री दहा सबबी सांगत असणार. त्यांनी विचारलं, "तुझा एवढा भरवसा आहे, तर तू स्वतः बसशील या होडीत?"

मागं कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. श्रीमंतनं साहेबांच्या कानाशी लागून सांगितलं की याला पोहता येत नाही, हा कधी होडीत बसलेलाच नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या. आता त्यांना पोरखेळच वाटला असणार. जो माणूस आपल्याच कामावर पाय ठेवत नाही, त्याच्या कामावर सरकारनं सही का करावी?

कानिफनाथचे कान तापले. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वी एका म्हातारीनं त्याला सांगितली होती, तेव्हा ती रुसवा वाटली होती. आज साहेबाच्या तोंडून ऐकली आणि पहिल्यांदा खरी वाटली.

"बसतो," तो म्हणाला. "पन आज न्हाई, शनवारी. ह्या लाकडाला तीन दिस पानी पिऊ द्या. शनवारी मी पलीकडं जातो आन् परत येतो. खुंटा केसभर हालला तर सही करू नका."

साहेबांनी खुंटा पुन्हा एकदा हलवून पाहिला. मग कागद श्रीमंतच्या हातात दिला आणि सांगितलं, शनिवारी तू स्वतः खुंटा तपासून लिही, मी त्यावर सही करीन.

बुधवारीच ओंडक्यांवरून घसरत होडी पाण्यात उतरवली. पहिल्या दिवशी फटींतून पाणी भसाभसा आत आलं, छगन घमेल्यानं उपसून थकला. कानिफनाथ काठावर उभा राहून वरच्या फळ्यांवर बादल्या ओतत होता. गुरुवारी जेवून परत आला आणि पाहतो तर मागच्या खुंट्याचे दोन नट गच्च आवळलेले. जवळ पाइप पडलेला. श्रीमंत तिथंच उभा होता, हात पुसत. त्याला राहवलं नव्हतं. मदतच करायची होती बिचाऱ्याला, शनिवारी आपलंही नाव पणाला लागलंय असं वाटत होतं.

कानिफनाथनं पाना उचलून नट ढिले केले. वायसर उचलला. खाली फळीवर नखाएवढी चीर उमटायला लागली होती, बोल्टाच्या रांगेनं. त्यानं श्रीमंतचं बोट धरून त्या चिरेवरून फिरवलं. म्हणाला, "रावसाहेब, ही आजची. अजून पानी तर पुरतं प्यालं बी न्हाई." श्रीमंतनं वही मिटली. त्यानंतर दोन दिवस तोही बादल्या ओतत होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून कानिफनाथनं तिला तिथंच थांबवलं आणि तो मागचा खुंटा दोन बोटं बाजूला सरकवून नव्या भोकांत बसवला.

शनिवारी सकाळी फळ्यांच्या फटी दिसेनाशा झाल्या. कानिफनाथनं एकेका नटाला हात घातला. लाकूड भिडलं होतं. शेवटचा अर्धा आटा फिरवताना पाना जड लागला, पण लाकूड कुरकुरलं नाही. पुढच्या खुंट्याला त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला, मग श्रीमंतला द्यायला लावला. आता फक्त बसायचं राहिलं होतं.

रतनबाई काठावर आली होती. तिनं त्याला अडवलं नाही आणि धीरही दिला नाही. फक्त म्हणाली की आईला निरोप धाडलाय.

कानिफनाथ होडीत चढला. त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पायाखालची जमीन हलते आणि तरीही लोक त्यावर बसून तंबाखू मळतात, हे त्याला आजवर कळलं नव्हतं. तो पुढं जाऊन खुंट्याजवळ फतकल मारून बसला आणि खुंट्याला मूठ घातली. छगननं इंजिन सुरू केलं आणि ओरडून विचारलं, मिस्त्री, डोळे उघडे ठेवणार का? कानिफनाथनं डोळे उघडे ठेवले. काठ मागं गेला, पाणी काळं झालं, घाटाकडून वारा आला आणि होडी कुशीवर झुकली. मूठ मात्र सुटली नाही, आणि मुठीत काही हललं नाही. मध्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण खुंटा घाबरून धरला होता, आणि आता तपासून पाहतोय. एवढ्यानं त्याला बरं वाटलं. अर्ध्या तासात तो चौदा मैल वाचवून उंबरवाडीसमोर होता.

पलीकडं धक्का नव्हता, पाणी आत गेलेलं, नुसता गाळाचा उतार. छगननं दोर काठावर फेकला, तिथल्या माणसांनी धरला. वाऱ्यानं होडी आडवी फिरली आणि दोराला हिसका बसला. सगळ्या होडीचं वजन एका क्षणात पुढच्या खुंट्यावर आलं. कानिफनाथच्या मुठीतून कळ खांद्यापर्यंत गेली. सत्तर साली याच हिसक्याला खुंटा उपटून आला होता. आज दोर करकरला, होडी थांबली, खुंटा होता तिथंच होता.

उतारावर गोजरबाई उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. पाण्याचा तांब्या धरलेली नातसून शेजारी. पहिल्यांदा येणाऱ्या जावयावरून तुकडा ओवाळून टाकतात, ते तिनं लग्नात केलंच होतं. आता पुन्हा कशाला, असं कोणी म्हणालं तर तिनं ऐकलं नाही. म्हणाली, पाण्यानं आलेला जावई आज पहिल्यांदाच आलाय.

कानिफनाथ गाळात उतरून तिच्या पाया पडला. तिनं तुकडा त्याच्यावरून ओवाळला. मग काठी टेकत होडीपर्यंत गेली, त्याच तुकड्यानं पुढचा खुंटा ओवाळला, पाणी फिरवलं आणि तुकडा लांब फेकून दिला. खुंट्याला बोट लावून पाहिलं. मग नातसुनेला सांगितलं, "माझं लुगडं बांध. लेकीकडं जायचंय."

परत येताना गोजरबाई जावयाशेजारी बसली. त्याचा हात खुंट्यावर होता, मध्ये कुठंतरी तिनंही आपला हात त्याशेजारी ठेवला. त्याची भीती गेली नव्हती, पण आता ती सांभाळायला दोघं होते.

अलीकडच्या काठाला श्रीमंत कागद घेऊन उभा होता, रतनबाई त्याच्या पुढं, गुडघाभर पाण्यात. पाण्यामागं सरकवत आणलेल्या फळ्यांच्या धक्क्याला होडी लागली. तीन वर्षांपूर्वी जिथं उतरताना गोजरबाई पाण्यात गेली होती, तोच धक्का. कानिफनाथ आधी उतरला, वळला आणि सासूला धरायला दोन्ही हात पुढं केले.

गोजरबाईनं खुंट्याला पकडून पाय उचलला आणि धक्क्यावर ठेवला. दुसरा पाय घेतला. मग कुठं खुंटा सोडला.

"हात कशाला," ती म्हणाली. "त्यो तुमीच बसिवलाय न्हवं?"